दुखत नाही तर कशाला जायचं? : डेंटिस्टला 12 वर्षं टाळलेल्या आत्याची केस

आत्याला विचारूनच लिहितेय, नाव सोडून बाकी काहीही लिही म्हणाली. वय 63, अकाउंट्समधून रिटायर झालेली, बीपी आणि शुगर दोन्ही आहे आणि दोन्हीची फाईल इतकी व्यवस्थित की डॉक्टर दुसऱ्या पेशंटना दाखवतात. दर तीन महिन्यांनी शुगर, वर्षातून एकदा डोळे, गोळ्यांचा डबा वारानुसार भरलेला. आणि ही बाई 12 वर्षं डेंटिस्टकडे फिरकलेली नव्हती. डेंटिस्टला टाळणारा माणूस म्हटलं की आपण एकतर आळशी नाहीतर भित्रा म्हणून मोकळे होतो, आत्याला यातलं एकही लागू पडत नाही, म्हणून हे सविस्तर लिहावंसं वाटलं.

माझं मत आधीच सांगून टाकते. सुईची भीती हे सगळ्यात सोयीचं उत्तर आहे, सांगणाऱ्याला पण आणि ऐकणाऱ्याला पण. भीती असतेच, नाही असं नाही, पण चाळिशी-पन्नाशीच्या पुढे माणसाला अडवते ती जास्त करून लाज. तोंड उघडलं की आत जे दिसेल त्यावरून समोरचा आपल्याला बोलणार, एवढ्या वयात बोलून घ्यायचं, ही लाज. आणि जेवढा उशीर तेवढी लाज जास्त, म्हणजे व्याजासारखी वाढतच जाते.

आता केस. आत्याला डायरी लिहायची सवय आहे, डायरी म्हणजे भावना वगैरे नाही, हिशेबासारख्या नोंदी. प्रकरण चिघळल्यावर तिनेच ती डायरी माझ्यापुढे टाकली. त्यात जागोजागी "उखा" लिहिलेलं. उखा म्हणजे उजवी खालची दाढ. "उखा, गार पाणी." "उखा ठणका, गोळी 1." सुरुवातीला दोन नोंदींमध्ये महिना-दीड महिना जातोय, मग आठवडा, मग "चहा गरम, उखा" असं काहीतरी, मग ओळीने चार रात्री "ठणका, झोप नाही, गोळी 2". आणि मग एकदम शांत. "उखा बरी" एवढी एक नोंद आणि त्यानंतर जवळजवळ चार महिने उखाचं नावच नाही.

तर उखा बरी वगैरे काही झाली नव्हती, मेली होती. म्हणजे दाढेतली नस. डेंटिस्टने नंतर ती डायरी वाचली आणि म्हणाल्या की इतकी चांगली हिस्ट्री मला कोणी दिलेली नाही. गार लागल्यावर क्षणभर शिवशिवतं आणि थांबतं तोपर्यंत नस बऱ्याचदा वाचवता येते, साधं सिमेंट भरून काम होऊ शकतं. गरम लागून कळ येते आणि येऊन रेंगाळते, रात्री आडवं झाल्यावर आपोआप ठणका सुरू होतो, तेव्हा नस आतून सुजलेली असते आणि ती सूज पसरायला दाढेच्या आत जागाच नसते. मग काही दिवसांनी नस मरते आणि दुखणं बंद. जंतू मात्र कुठे जात नाहीत, ते मुळाच्या टोकातून खाली हाडात उतरतात आणि तिथे हळूहळू पू साठत राहतो, काही न कळता. आत्याचा हिशेब चुकला तो इथे, दुखणं थांबलं म्हणजे खातं बंद झालं असं तिने धरलं. एके दिवशी सकाळी उठली तर उजवा गाल टरारून फुगलेला आणि तोंड दोन बोटांएवढंही उघडत नाही.

"दुखत नाही म्हणून गेलो नाही" हे वाक्य मोठ्या माणसांकडून सतत ऐकू येतं आणि आपण ते बहाणा समजतो. बहाणा नसतो बरेचदा. वय वाढतं तसा दाताच्या आत नसेभोवती नवीन थर बसत जातो आणि नसेची पोकळी आक्रसते, त्यामुळे तरुणपणी जी कीड कळ आणून नाचवेल ती साठीत खूप खोल जाईपर्यंत जाणवतही नाही. हिरड्या खाली सरकतात, मूळ उघडं पडतं, मुळावर इनॅमलचं कवचच नसतं त्यामुळे तिथली कीड झपाट्याने आत जाते. हिरड्यांचा आजार तर जवळजवळ दुखतच नाही, ब्रश करताना थोडं रक्त, तोंडाला वास, आणि एक दिवस दात हलायला लागतो. त्यात गोळ्या. ॲलर्जीच्या, डिप्रेशनच्या, लघवी सारखी होते त्यावरच्या, बीपीच्या काही, या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, आणि दातांचं खरं राखण करते ती लाळच. आत्या रात्री उशाशी पाणी घेऊन झोपायची, तिला वाटायचं वयामुळे घसा सुकतो. तिच्या तीन डॉक्टरांपैकी एकानेही कधी तोंड उघडून बघितलेलं नव्हतं.

यावर जरा चिडून बोलायचंय मला. दात हे शरीराचा भाग नसल्यासारखे वेगळ्या दारात का असतात? डेंटल कॉलेज वेगळं, विमा वेगळा, फाईल वेगळी. 1840 मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला जगातलं पहिलं डेंटल कॉलेज निघालं ते मेडिकल कॉलेजपासून वेगळंच निघालं, आणि ती फारकत आजपर्यंत चालू आहे. आत्याच्या बाबतीत हे फार महागात पडलं कारण तिला शुगर आहे. शुगर वाढलेली असली की हिरड्या लवकर खराब होतात आणि हिरड्यांना सूज असली की शुगर आटोक्यात राहत नाही, दोन्हीकडून. हिरड्यांची नीट ट्रीटमेंट केली तर तीन-चार महिन्यांत एचबीए1सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी टेस्ट) साधारण 0.4 टक्क्यांनी खाली येतं असं बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतल्यावर दिसलंय. आत्या दोन वर्षं त्या पॉईंट चार-पाचसाठी रोज चालण्याचं अंतर वाढवत होती!

बरं, आता ती जात का नव्हती. हे एका दमात बाहेर आलं नाही, कांद्यासारखं एकेक साल निघत गेलं. पहिलं उत्तर वेळ नाही. रिटायर्ड बाईला वेळ नाही, ठीक आहे. पण टाळाटाळ सुरू झाली तेव्हा ती 51 ची होती, ऑफिस, मुलांची शिक्षणं, सासूबाईंचं आजारपण, तेव्हा खरंच वेळ नव्हता. सासूबाईंची कवळी करायला ती स्वतः त्यांना घेऊन गेली होती, मुलाच्या दातांना तारा लावायला गेली होती, म्हणजे क्लिनिकमध्ये जाणं बंद नव्हतंच, फक्त स्वतः खुर्चीत बसणं बंद होतं. मधल्या वयात हे असंच होतं, सगळ्यांना नेणारा माणूस बाहेर बाकावर बसून राहतो.

दुसरं, एक दाखवायला गेलं की पाच निघतात. यात खर्चाचा भाग आहे, पण आत्याचं म्हणणं मला वेगळं वाटलं. ती म्हणाली, "किती लागतील ते कळलं तर मी जमवेन गं, पण तिथे गेल्यावर आकडा वाढतच जातो, शेवट कुठे ते कोणी सांगत नाही." आयुष्यभर बजेट करणाऱ्या बाईला आकड्यापेक्षा आकडा माहीत नसण्याचा त्रास होता.

तिसरं, दात साफ करून घेतले की ते हलतात, हे तिच्या मैत्रिणीने सांगितलेलं. याला थोडा आधार आहे, म्हणून तर ही समजूत मरत नाही. वर्षानुवर्षं साठलेलं दगडासारखं किटण आधीच सैल झालेल्या दातांना एकमेकांशी जखडून ठेवतं, ते काढलं की दात जेवढे मुळात हलत होते तेवढे हलताना जाणवतात, फटी दिसतात, गार लागतं. हाड आधीच गेलेलं असतं, साफ करणाऱ्याने नेलेलं नसतं. पण हे आधी सांगितलं तर माहिती वाटते आणि नंतर सांगितलं तर सारवासारव.

चौथं, वय झालं की दात जायचेच. हेही लोक इतक्या सहज बोलतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात साठीच्या पुढच्या लोकांपैकी 23 टक्के लोकांच्या तोंडात एकही दात उरलेला नाही. आकडा मोठा आहे, पण उलटं बघा ना, बाकीच्यांच्या तोंडात कमी-जास्त का होईना दात आहेत. दात वयाने पडत नाहीत, कीड आणि हिरड्यांच्या आजाराने पडतात, आणि त्या दोन्हींना वेळ मिळत जातो एवढंच.

आणि सगळ्यात शेवटी, गाल उतरल्यावर निघालेली गोष्ट. 12 वर्षांपूर्वी ती गेली होती एका डेंटिस्टकडे. त्याने तोंडात आरसा घातला आणि म्हणाला, "बापरे, इतकी वर्षं काय करत होतात?" असिस्टंट मुलगी हसली. बस, एवढंच. तेव्हा आत्याच्या हाताखाली सात-आठ माणसं काम करायची. ती म्हणते दुखलं असतं तर मी सहन केलं असतं, पण तोंड उघडं, त्यात नळी, उताणी पडलेय आणि उत्तर पण देता येत नाही. उठली, पैसे दिले, पुढची अपॉइंटमेंट घेतली आणि गेली नाही.

हे चक्र काही नवं नाही. स्वीडनमधल्या बेरग्रेन यांनी 1984 मध्ये ते मांडलं होतं, भीती वाटते म्हणून जात नाही, न गेल्याने दात बिघडतात, बिघडल्याची लाज वाटते, लाजेने भीती अजून वाढते, आणि परत पहिल्यापासून. मला यात लाजेचा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण बाकीच्यांवर औषध आहे.

लहानपणाचं पण आहेच. आज साठीत असलेल्या लोकांनी पहिल्यांदा दातांचा डॉक्टर बघितला तेव्हा अनेक ठिकाणी सुया उकळून परत वापरायचे, आणि पट्ट्यावर चालणारं हळू ड्रिल सगळी कवटी हादरवायचं. हवेवर लाखो फेऱ्यांनी फिरणारं ड्रिल 1957 मध्ये बाजारात आलं, पण सगळीकडे पोचायला वेळ लागला. आणि भीतीची आठवण कशी असते तर, केंट नावाच्या संशोधकाने 1985 मध्ये एक अभ्यास छापला. पेशंटना आधी विचारलं किती दुखेल वाटतं, झाल्यावर विचारलं किती दुखलं, आणि तीन महिन्यांनी परत विचारलं. जे घाबरणारे होते त्यांना तीन महिन्यांनी जे दुखणं आठवत होतं ते प्रत्यक्षात दुखलं त्यापेक्षा आधी वाटलेल्या दुखण्याशी जास्त जुळत होतं. म्हणजे चांगला अनुभव आला तरी भीती तो नंतर खोडून टाकू शकते.

तर गाल सुजल्यावर मी तिला नेलं. आतोबा गाडी काढून तयार आणि ही कपाट आवरत बसलेली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "या आजी," आणि लगेच माझ्याकडे वळून, "यांना काय होतंय?" आत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. साठी ओलांडलेल्या माणसाबद्दल त्याच्यासमोरच तिसऱ्याशी बोलायचं, ही क्लिनिकमधली सगळ्यात स्वस्तात सुधारता येणारी गोष्ट असावी.

त्या दिवशी भूल नीट लागली नाही. ओठ बधीर, जीभ बधीर, आणि दाढेला हात लावला की कळ. आत्या म्हणाली, "बघ, माझ्यावर भूल चालतच नाही." पण गोष्ट साधी होती, भुलेच्या औषधाला नसेच्या आत शिरावं लागतं, आणि सूज आणि पू असलेल्या जागी आम्लता वाढलेली असल्याने आत शिरू शकेल असा औषधाचा भाग कमी पडतो. थोडक्यात, दुखेल म्हणून शेवटपर्यंत थांबलेल्या माणसाला खरंच जास्त दुखतं आणि त्याची भीती बरोबर होती असं सिद्ध होतं. त्यात छातीत धडधड झाली. भुलेच्या औषधात बहुतेकदा थोडं ॲड्रेनलिन मिसळलेलं असतं, त्याने काही मिनिटं हृदय जोरात चालू शकतं, ती म्हणाली मला ॲटॅक येतोय. या डेंटिस्ट बाई चांगल्या, त्यांनी हट्ट केला नाही, थोडा पू काढून जागा मोकळी केली, सूज गालापर्यंत आली होती म्हणून अँटिबायोटिक दिलं आणि चार दिवसांनी बोलावलं. जाताना म्हणाल्या, "काकू, आज तुम्ही आलात हे अवघड काम होतं, माझं काम सोपं आहे." आत्या घरी येऊन म्हणाली, गोड बोलते, बिल मोठं असणार.

चार दिवसांनी त्यांनी आत्याला खुर्चीत आडवं केलंच नाही. समोर टेबलावर बसवलं, मास्क खाली घेतला कारण आत्याला डाव्या कानाने कमी येतं आणि ती ओठ बघून समजून घेते, हे मलाही नीट माहीत नव्हतं. मग पाच प्रश्नांचा एक फॉर्म दिला. उद्या डेंटिस्टकडे जायचंय तर कसं वाटेल, वेटिंग रूममध्ये बसल्यावर, ड्रिल होणार असताना, दात साफ करताना आणि इंजेक्शनच्या वेळी. प्रत्येकाला 1 ते 5, बेरीज 5 ते 25, आणि 19 किंवा त्याहून जास्त आलं तर खूप जास्त भीती. आत्याचे आले 13. म्हणजे फॉर्मप्रमाणे आत्या फार घाबरत नाही! फॉर्म उपयोगी आहे, जगभर वापरतात, पण त्यातल्या पाचांपैकी एकही प्रश्न डॉक्टर तुम्हाला काय बोलतील याबद्दल नाही. डेंटिस्टनी बेरीज बघितली आणि विचारलं, "यात नसलेलं काही आहे का?" तेव्हा ती 12 वर्षांपूर्वीची गोष्ट निघाली.

त्यानंतर जे केलं त्यात शूर-वीर काही नाही. डावा हात वर केला की थांबायचं, आणि पहिल्या वेळी आत्याने मुद्दाम उगाचच हात वर करून बघितला, खरंच थांबतात का. थांबल्या. खुर्ची अर्धीच मागे, कारण मानेचा त्रास. सकाळची पहिली वेळ, मध्ये एकदा बाथरूमला जाऊन यायचं. हिरडीला आधी बधीर करणारं मलम, मग इंजेक्शन अगदी सावकाश, कारण बऱ्याचदा दुखतं ते सुईने कमी आणि औषध घाईने ढकललं की जास्त. रक्त पातळ ठेवणारं ॲस्पिरिन तिने दोन दिवस आधीच मनाने बंद केलं होतं, त्यावर मात्र डेंटिस्ट कडक झाल्या, एखादी दाढ काढायला ते सहसा बंद करावं लागत नाही आणि बंद करायचंच असेल तर ते हृदयाचे डॉक्टर ठरवतील. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल तर तेही आधी सांगायचं असतं, दाढ काढल्यावर जबड्याचं हाड भरायला त्याने क्वचित अडचण येते.

पण आत्यावर सगळ्यात जास्त परिणाम कशाचा झाला माहितीये, एका कागदाचा. डेंटिस्टनी तीन रकाने करून दिले: आत्ता करायलाच हवं, सहा महिन्यांत केलेलं बरं, आणि नाही केलं तरी चालेल. प्रत्येकापुढे अंदाजे खर्च. पहिल्या रकान्यात दोनच गोष्टी होत्या, ती दाढ आणि हिरड्या. आत्याने पेन काढून बेरीज तपासली आणि म्हणाली, मग करून टाकू.

दाढ वाचली नाही. मूळ उभं तडकलेलं निघालं, काढावी लागली, सूज गेल्यावर भूल व्यवस्थित लागली आणि काढताना दुखलं नाही, फक्त दाबल्यासारखं वाटलं. हिरड्यांची सफाई दोन बैठकींत. पहिल्या बैठकीनंतर तिचा मला रात्री फोन, पुढचे दात शिवशिवतायत, फटी पडल्यात, मी सांगितलं होतं ना! आधी सगळं समजावून सांगितलं होतं तरी फोन आलाच. आठ-दहा दिवसांत ते कमी झालं.

एकदम सुधारली असं नाही. दर चार महिन्यांनी बोलावलंय, त्यातली एक अपॉइंटमेंट तिने पाहुण्यांचं कारण सांगून रद्द केली, पाहुणे कोणी आले नव्हते. क्लिनिकमधून ओरडायला नाही तर फक्त दुसरी तारीख द्यायला फोन आला म्हणून गेली. मला वाटतं तिथेही त्या मुलीने "मागच्या वेळी का आला नाहीत" असं विचारलं असतं तर परत बारा वर्षं. एकटी अजून जात नाही. कोणाला सोबत नेणाऱ्यांना एकच सांगीन, खुर्चीजवळ उभं राहून त्यांच्या वतीने उत्तरं देऊ नका आणि "मी कधीपासून सांगत होते" हे वाक्य गिळा, मला दोनदा गिळावं लागलं.

दाढेची जागा अजून मोकळीच आहे. इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर दात), ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात) की काहीच नाही यावर चर्चा झाली, तो तिसऱ्या रकान्यातला विषय. शुगर थोडी स्थिर होऊ दे म्हणून डेंटिस्टनी पण घाई केलेली नाही. खालची दाढ गेल्याने वरच्या दाढेला टेकायला काही नाही, म्हणून दर खेपेला त्या तिचं माप घेतात, ती खाली उतरायला लागलेली दिसली तर ब्रिज करायचा, नाहीतर आहे तसं राहू द्यायचं असं ठरलंय.